गावकरी कोणास म्हणावे?

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्याने लोणीकंद मागे टाकले, भीमेवरचा पूल ओलांडून कोरेगाव सोडले, की थोड्याच वेळात सणसवाडी लागते. शिरूर तालुक्यातील हे गाव पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. सकाळी सातच्या सुमारास तेथे रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहावे. पहिल्या पाळीची माणसे डबा हातात घेऊन निघालेली असतात आणि रात्रपाळीची माणसे तांबारलेल्या डोळ्यांनी परतत असतात. कानावर नांदेडकडची मराठी पडते, वऱ्हाडी पडते, भोजपुरी पडते. यांतील एखाद्याला थांबवून 'गाव कोणते?' असे विचारले तर तो सणसवाडी म्हणणार नाही. तो अहमदपूर म्हणेल, पुसद म्हणेल, छपरा म्हणेल. दहा वर्षे याच गावात राहून, याच गावचे पाणी पिऊन, येथील शाळेत मूल घालूनसुद्धा तो हेच उत्तर देईल. आमचा आजचा विषय या एका उत्तरातून निघाला आहे.

या टापूचे नाव वर्तमानपत्रांत येते ते १८१८ च्या कोरेगावच्या लढाईमुळे, आणि १ जानेवारी २०१८ रोजी येथे जो हिंसाचार झाला त्यामुळे. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही बोलणार आहोत ते ग्रामपंचायत, पाणी, गटार आणि मतदारयादी या रुक्ष गोष्टींविषयी. आणि आम्ही इतिहाससंशोधकही नव्हे. १९७२ च्या दुष्काळात आमची आई खडी फोडण्याच्या कामावर होती आणि आम्ही जवळच्या झाडाला बांधलेल्या झोळीत होतो, असे घरी सांगत. नववीत शाळा सुटली. पुढचे वाचन पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयात बसून झाले. नगर रस्त्यावर आम्ही कामगार म्हणून आलो ते १९९० नंतर, म्हणजे आम्हीही येथे बाहेरचेच. तेव्हा जे सांगू त्यात थोडा पक्षपात असेल, हे श्रोत्यांनी आरंभीच धरून चालावे.

जुना गाव कसा होता याची या टापूपुरती माहिती मिळते, हे आपले भाग्य आहे. ज्या लोणीकंदावरून आपली गाडी आताच पुढे आली, त्याच लोणी गावाची पाहणी पेशवाई बुडाल्यानंतर लगेच थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने केली. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात ती १८२३ साली छापली गेली. गावाची जमीन, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, घरे, कपडे, जेवणखाण, कर्ज असे सारे त्याने टिपून ठेवले आहे. शेती करणारी बहुतेक कुळे कर्जात होती, हेही त्याने लिहिले. पुढे सव्वाशे वर्षांनंतर प्रा. गो. स. घुर्ये यांनी त्याच लोणीची पुन्हा पाहणी केली आणि १९६० साली पुस्तक काढले. एका खेड्याची अशी दोन चित्रे आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी सापडतील.

त्या काळच्या कागदांत दोन शब्द वारंवार येतात, मिरासदार आणि उपरी. मिरासदार म्हणजे ज्याची जमीन वडिलोपार्जित, जी सारा थकला तरी सहजासहजी जात नसे. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, वर्षाच्या बोलीने जमीन कसणारा. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखावर जो अहवाल लिहिला त्यात हा भेद आहे, आणि पुण्याचा पहिला कलेक्टर रॉबर्टसन यानेही तो तपशिलाने मांडला आहे. दोघेही नांगर धरीत, दोघेही सारा भरीत. मात्र गावाच्या बैठकीत बोलण्याचा अधिकार मिरासदाराला. गायरानात गुरे चारण्याचा हक्क त्याचा. बांधलेले घर विकता येई ते त्याला. उपऱ्याने बैठकीच्या कडेला बसावे आणि ठरेल ते ऐकावे. आणि हेही विसरता कामा नये की, मिरासदार आणि उपरी या दोघांच्याही पलीकडे, वेशीबाहेर, महारवाडा होता. गावाचा निरोप, वेठ, सरहद्दीची साक्ष ही सर्व कामे त्याच्याकडे, पण गाव म्हणून जे काही बसे त्यात त्याला जागा नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' लिहिला, तो ज्यांनी वाचला असेल त्यांना ही सारी रचना ठाऊक आहे. आम्हाला ते पुस्तक एका रद्दीवाल्याकडे मिळाले, आणि ते वाचताना प्रथम वाटले की हे तर आमच्या कारखान्याचेच वर्णन आहे: कायम, हंगामी आणि ठेक्याचा.

इंग्रजी अमलात १८३६ साली इंदापूर तालुक्यातून जमिनीच्या पाहणीचे काम सुरू झाले. सारा भरील तो खातेदार, मग तो जुना असो वा नवा, असे तत्त्व तिने आणले. कागदावर मिरासदार आणि उपरी यांतील अंतर पुसले जाऊ लागले. परंतु भाषेतून ते गेले नाही. 'उपरा' हा शब्द आजही शिवीसारखा वापरला जातो, तो काही उगाच नव्हे.

जुना गाव दुबळा मात्र नव्हता. त्याचा पुरावा शिरूर तालुक्यातच आहे. कर्डे गावात डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. देशमुखांनी गावाला एकत्र केले. सावकाराच्या दुकानी जायचे नाही, त्याच्या शेतात राबायचे नाही, गावच्या कामकऱ्यांनी त्याचे काम करायचे नाही, असे ठरले आणि ते पाळले गेले. पुढच्या मे महिन्यात, १२ तारखेला, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या वह्या व रोखे बाहेर काढून जाळले. ते लोण शिरूरसह जिल्हाभर आणि नगरकडेही पसरले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. योगायोग असा की, पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तीही १८७५ सालीच. एकीकडे शहाणी माणसे व्याख्याने ऐकत होती आणि चाळीस मैलांवर दफ्तरे जळत होती. दोन्ही गोष्टी आवश्यकच होत्या, असे आम्हाला वाटते.

संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाला कर्ड्याची हकीकत वाचून उचंबळून येते. तो एक नमुनेदार बहिष्कार होता. तथापि दुसऱ्यांदा वाचली तेव्हा आम्हाला एक प्रश्न पडला. ठरवले कोणी? देशमुखांनी आणि गावाने. ज्या न्हाव्याने, महाराने, मजुराने रोजचे काम नाकारून तो ठराव प्रत्यक्षात आणला, त्याला बैठकीत मत होते काय? बहुधा नव्हते.

कायद्याने गावाचा कारभार कसा बदलत गेला हे थोडक्यात सांगतो, कारण त्या जंत्रीत रस थोडा आहे. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा. त्यातून मुंबई इलाख्यात १८८४ साली जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. त्यांचा मताधिकार सारा आणि मालमत्ता यांना बांधलेला होता. ग्रामपंचायतीचे कायदे १९२० आणि १९३३ साली झाले, पण पंचायतीच्या हाती पैसा आला नाही, आणि जेथे ती निघाली तेथे ती पुष्कळदा पाटलाच्या ओसरीवरच बसे.

खरा बदल १९५९ साली झाला, आणि येथे आम्ही थोडे थांबतो. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ हा १ जून १९५९ रोजी अमलात आला. त्याच वर्षी १ ऑगस्टला कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा लागू झाला. महार वतनासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ पासून विधिमंडळात जो झगडा मांडला होता, त्याचा शेवट त्यांच्या मृत्यूनंतर अडीच वर्षांनी असा झाला. दोन महिन्यांच्या अंतराने आलेले हे दोन कायदे एकत्र वाचले पाहिजेत. एकाने सांगितले की, गावाचा कारभार प्रौढ मतदाराने निवडलेली पंचायत करील. दुसऱ्याने सांगितले की, जन्माने कोणी गावाचा चाकर नाही. पाटीलकीचे पदही १ जानेवारी १९६३ पासून संपले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. पुढे १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आली, स्त्रियांना प्रथम एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. हे कमी नव्हे. ज्या ग्रामपंचायतीत आमच्या लहानपणी बाई दारातून आत आली की बोलणे थांबे, तेथे आज बाई सरपंच म्हणून सही करते. सहीखेरीज बाकीचे नवरा पाहतो, असे टोमणे मारणारे आहेत. आम्ही नवरे नसलेले पुष्कळ कारभारी पाहिले आहेत, तेही दुसऱ्याच्याच सांगण्यावरून सही करीत.

तेव्हा १९५९ नंतर उपरी उरला नाही असे कोणी म्हणेल. कायद्याप्रमाणे ते खरे आहे. ग्रामपंचायतीची मतदारयादी ही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, आणि ज्याचे नाव यादीत तो ग्रामसभेचा सभासद. घर स्वतःचे असावे, जमीन असावी, असली अट नाही. जो जेथे सामान्यतः राहतो तेथे त्याचे नाव लागावे, एवढेच आहे. परंतु हा कायदा ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यांपुढे शेतकऱ्यांचे गाव होते. माणूस जन्मतो तेथेच राहतो, हे त्यांनी गृहीत धरले.

वस्तुतः तसे तेव्हाही नव्हते. डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ना. वि. कानिटकर यांनी याच शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकचा अभ्यास करून १९२१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. बहुसंख्य कुटुंबांचा निर्वाह त्यांच्या जमिनीवर होऊ शकत नाही, हा त्यातील निष्कर्ष होता. ज्याचे भागत नाही तो बाहेर पडणारच. देशावरचा आणि कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत गेला, चाळीत राहिला, आणि तेथे तो उपरी झाला. मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली ती १९४८ साली. तोवर शहर चालवणाऱ्या हातांपैकी बहुतेकांना शहराच्या कारभारात मत नव्हते. म्हणजे सणसवाडीत आज जे दिसते ते आपण एकदा भोगले आहे. फरक इतकाच की, तेव्हा शिरूरचा माणूस परक्या जागी होता आणि आज शिरूरच्या माणसाकडे परका आला आहे.

आता सणसवाडी. जवळच रांजणगावला औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. तेथे आधी नकाशा, मग रस्ते व पाणी, मग कारखाने, असा क्रम निदान कागदावर तरी होता. सणसवाडीच्या बाजूला कारखानदारांनी शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी घेऊन एकेक करून कारखाने उभे केले. कारखाना आला, त्यामागे गोदाम आले, त्यामागे दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा आल्या, आणि सर्वांच्या शेवटी सांडपाणी कोठे सोडायचे हा प्रश्न आला. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ साली झाला. तो देशातील पहिला. प्रादेशिक नियोजनाचा कायदा १९६६ चा. पुण्याच्या प्रादेशिक योजनेला १९९७ साली मंजुरी मिळाली. २०१५ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याच्या हद्दीत हा पट्टा आला. त्याने २०२१ साली प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, हरकतींचा पाऊस पडला, आणि २०२५ साली शासनाने तो आराखडाच रद्द केला. येणेप्रमाणे शंभर वर्षांत कायदे पुष्कळ झाले. खोल्यांच्या रांगांना यांपैकी कोणाचीही वाट पाहावी लागली नाही.

गावाच्या आपल्या आराखड्याची सोयही २०१५ सालीच झाली. 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली ग्रामपंचायतीने स्वतःचा विकास आराखडा करावा आणि वित्त आयोगाचा पैसा थेट तिच्याकडे यावा, अशी ती योजना. सूत्र चांगले आहे. पण पैशाचे माप लोकसंख्या, आणि लोकसंख्येचे माप २०११ ची जनगणना. २०२१ साली व्हावयाची जनगणना पुढे ढकलली गेली. त्यामुळे २०११ नंतर खोली घेतलेला माणूस पाणी पितो, कचरा करतो, रस्ता झिजवतो, आणि हिशोबात मात्र तो जन्मलेलाच नसतो. शिवाय पंचायतीची सभासदसंख्या कायद्याने ७ ते १७. गाव फुगून नगर झाले तरी ती सतरापलीकडे जात नाही. जनगणनेची एक व्याख्या आहे: लोकसंख्या ५,००० च्या वर, दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसे, आणि काम करणाऱ्या पुरुषांत शेकडा ७५ शेतीबाहेर, की ते गाव जनगणनेपुरते शहर धरतात. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. गणतीत नगर आणि गटारात खेडे, अशी ही अवस्था.

येथे मूळ गावकऱ्याची बाजू सांगितली नाही तर आम्ही अन्याय करू. त्याची जमीन गेली, पैसा आला आणि पुष्कळांच्या घरून तो तसाच गेलाही. विहिरीचे पाणी बिघडले. रस्त्यावर अवजड वाहनांनी माणसे मारली. तो म्हणतो, "हे लोक उद्या काम सुटले की निघून जातील. रस्ता, शाळा, देऊळ आम्हाला सांभाळायचे आहे. मग ठरवायचे त्यांनी का?" यात तथ्य आहे. आम्ही एवढेच विचारतो की, ज्या खोल्यांचे भाडे घरी येते त्या खोल्यांत राहणाऱ्याला पिण्याचे पाणी विकत का घ्यावे लागते?

नगर रस्त्यावरच्याच एका गावात काही वर्षांपूर्वी आम्ही दहाबारा कामगारांना घेऊन ग्रामसभेला गेलो. २ ऑक्टोबर होता. खोल्यांच्या मागे सांडपाणी तुंबून पोरांना ताप येत होते आणि उघड्या गटारावर निदान फरशी टाकावी, एवढे मागायचे होते. आमचा नंबर आल्यावर एक वयस्कर गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "काका, बसा. चहा घ्या. पण यादीत नाव कोणाकोणाचे आहे?" एकाचेही नव्हते. कोणी हाकलले नाही, कोणी अपशब्द बोलले नाही. चहा खरोखर मिळाला. विषय मात्र इतिवृत्तात आला नाही, कारण तो मांडणारा सभासद नव्हता. परत येताना आमच्यातील एक पोरगा म्हणाला, "त्यांचं काय चुकलं? कायदा त्यांच्याकडे आहे."

तो बरोबर बोलला, आणि त्या रात्री आम्ही स्वतःचा हिशोब मांडला. वीस वर्षे आम्ही माणसे मोजली ती कारखान्याच्या फाटकावर. सभासदत्वाची पावती फाडली, बोनस मागितला, करारातले कलमन्‌कलम वाचले. माणूस फाटकातून बाहेर पडला की तो कोठे राहतो, काय पितो, हे आम्ही विचारलेच नाही. ग्रामपंचायत कायद्याचे १२५ वे कलम आम्ही त्यानंतर वाचले. कारखान्याकडून निरनिराळ्या करांऐवजी एकठोक रक्कम घेण्याचा करार, वरिष्ठांच्या मंजुरीने, पंचायत करू शकते, असे ते कलम आहे. म्हणजे ज्या कारखान्याशी आम्ही दर तीन वर्षांनी करार करीत होतो, त्याचा दुसराही एखादा करार गावाशी असू शकतो, आणि त्यातल्या रकमेत आमच्या गटारावरची फरशी असू शकते. तो आम्ही कधी मागून पाहिला नव्हता. पंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत घराच्या मालकाच्या नावाशेजारी भोगवटा करणाऱ्याच्या नावाचाही रकाना असतो, हेही तेव्हाच कळले. रकाना आहे, पण भाडेकऱ्याचे नाव त्यात आम्हाला क्वचितच दिसले.

त्यानंतर आमच्या कचेरीत रविवारी मतदारनोंदणीचे अर्ज भरण्याचे काम सुरू केले. सोपे वाटले होते. राहण्याचा पुरावा हवा. भाडेपावती द्यायला खोलीमालक तयार नाही, कारण पावती दिली की कर वाढेल, आणि माणूस खोलीवर हक्क सांगेल, अशी त्याला भीती. करार अकरा महिन्यांचा, ठेकेदाराचे काम त्याहून कमी मुदतीचे. आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी की, पुष्कळ कामगारांनाच नको होते. येथे नाव लावायचे तर गावाकडचे काढावे लागते. "तिकडं भाऊबंदकीची जमीन आहे, नाव काढलं तर भाऊ म्हणेल हा गेला," असे एकाने सांगितले. त्याला आम्ही काय उत्तर देणार? मताचा आणि सातबाराचा संबंध नाही, हे कायद्याने समजावता येते. भावाला नाही समजावता येत. जातेगावच्या पाहणीत जी तुकड्यातुकड्यांची शेती डॉ. मॅन यांनी मोजली, तसाच एखादा तुकडा या माणसाला साडेतीनशे किलोमीटरवरून बांधून ठेवीत होता.

तरी थोडी नावे लागली. त्यांत दोघांनी १ मेच्या ग्रामसभेला जायचे ठरवले. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखांना कारखान्यांना बहुधा सुट्टी असते. म्हणूनच जोडून रजा मिळाली की कामगार गावी जातो. हे दोघे मात्र गेले नाहीत. स्वच्छ कपडे घालून वेळेच्या आधी पोचले. सभेला शेकडा १५ किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल तितके मतदार लागतात. तेवढे जमले नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ती पुढच्या आठवड्यात कामाच्या दिवशी भरली. दोघांनी यादीतला आपला अनुक्रमांक सांगितला, रजिस्टरवर सही केली आणि मागच्या रांगेत बसले. खोल्यांच्या पाण्याचा विषय बाराव्या क्रमांकावर होता. सातवा चालू असताना अडीच वाजले आणि दुसऱ्या पाळीची गाडी फाट्यावर येऊन उभी राहिली. एक जण उठून गेला. दुसऱ्याने त्या दिवसाचा खाडा केला आणि तो बसून राहिला.